नकाशा-सॉफ्टवेअरमधली क्वेरी आणि तिचे संदर्भ

नकाशाच्या लेयरमागे जो तक्ता असतो त्यातून हव्या तेवढ्याच नोंदी काढायला जे वाक्य लिहितात ती क्वेरी. सांगली-साताऱ्यात क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना ती रोजच लागते, पण नियम नेमके कुठे बघायचे इथेच घोडं अडतं.

क्वेरीची भाषा एसक्यूएल. कॉड यांनी १९७० मध्ये डेटा तक्त्यांत ठेवायचं रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यावरून आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी ही भाषा रचली, त्यांचा निबंध १९७४ चा, म्हणून जन्म साधारण तेव्हाचा धरायचा, प्रमाण भाषा म्हणून मोजायची तर १९८६ पासून. आधीचं नाव सीक्वेल, ट्रेडमार्कमुळे बदललं. नकाशाच्या फंक्शनांच्या नावाआधी ‘एसटी’ लागतं त्याचा अर्थ पोस्टजीआयएस या नकाशा-डेटाबेसचे लोक ‘स्पेशियल टाइप’ असा लावतात, मूळ ‘स्पेशियल अँड टेम्पोरल’ असंही सांगतात, दुसरं जास्त पटतं.

संदर्भ शोधताना सॉफ्टवेअरचं नाव बघू नका, डेटा कशात साठवलाय ते बघा, लेयर प्रॉपर्टीजच्या इन्फर्मेशनमध्ये ते दिसतं. डेटा पोस्टजीआयएसमध्ये असेल तर त्याचंच मॅन्युअल, व्हर्च्युअल लेयर (दुसऱ्या लेयरांवर क्वेरी चालवून बनवलेला) असेल तर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि त्याची नकाशा-जोडणी स्पेशियालाइट यांचं, शेपफाइल या नकाशा-फाइलच्या फिल्टरला ओजीआर एसक्यूएलचं पान (ओजीआर हा नकाशा-फाइली वाचणाऱ्या जीडाल लायब्ररीचा भाग). ‘सिलेक्ट बाय एक्सप्रेशन’ची भाषा आणखी वेगळी, तिची मदत त्याच खिडकीत उजवीकडे असते. मॅन्युअलची आवृत्तीपण जुळली पाहिजे: तक्त्यात कराड सगळं कॅपिटलमध्ये आणि आपण फक्त पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं, तर ओजीआरच्या ‘लाइक’ला (मजकूर जुळवून बघणारा शब्द) आधी ते चालायचं, जीडाल ३.१ पासून चालत नाही, ‘आयलाइक’ लिहावं लागतं. आर्कजीआयएसच्या जुन्या पर्सनल जिओडेटाबेसमध्ये तर ‘इथे काहीही चालेल’ या अर्थाच्या टक्क्याच्या (%) जागी फुली (*).

पलूस-वाळव्यातली कृष्णेपासून ५०० मीटरच्या आतली गावं काढायचीत आणि लेयर अक्षांश-रेखांशात आहे, तर तो ५०० आकडा अंश म्हणून धरला जातो आणि झाडून सगळी गावं निवडली जातात. म्हणून लेयर आधी ईपीएसजी ३२६४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत आणायचा, सांगली-सातारा दोन्ही जिल्हे यूटीएमच्या (जगाचे उभे पट्टे पाडून मोजायची पद्धत) ४३ व्या पट्ट्यात येतात.

गावं नावावरून जोडू नयेत, खानापूर एकच नाही. २०११ च्या जनगणनेचा गाव-कोड घ्यावा.