'हाय की' उशिरा का पोचतं?

"बरा हाईस न्हवं?" साताऱ्याकडची आई सियाचिनच्या पोस्टवरच्या मुलाला फोनवर विचारते. "हाय की," मुलगा लगेच म्हणतो. पण आईला ते लगेच ऐकू येत नाही. मध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त शांतता जाते आणि तेवढ्यात तिच्या मनात पाल चुकचुकते. पोरगं काहीतरी लपवतंय.

सीमेवरच्या उंच पोस्टवर वर्षानुवर्षं सॅटेलाइट फोनचाच आधार होता. २०१७च्या दिवाळीत जवानांसाठी त्याचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आला, महिन्याचं पाचशे रुपये भाडंही गेलं. दर सरकारला कमी करता येतो. प्रकाशाचा वेग मात्र कुणाच्या हातात नाही.

या फोनचा भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तेवढ्याच उंचीवर त्याची फेरी पृथ्वीच्या फिरण्याशी जुळते, म्हणून जमिनीवरून तो एका जागी खिळलेला दिसतो आणि अँटेना एकदा रोखली की काम भागतं. पण सियाचिन विषुववृत्तापासून बरंच उत्तरेला असल्याने तिथून हे अंतर ३७,००० किलोमीटरच्या घरात जातं. रेडिओलहरींवर बसून आवाज तेवढा वर जाणार आणि जवळजवळ तेवढाच खाली जमिनीवरच्या केंद्रावर येणार. प्रकाशाच्या, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या वेगानेही त्याला सुमारे पाव सेकंद लागतो. आईच्या प्रश्नाला पाव सेकंद, मुलाच्या उत्तराला पाव सेकंद. आवाजाचे आकडे करून पुन्हा त्यांचा आवाज करायला लागणारा वेळ वेगळाच.

अर्धा सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण बोलण्याच्या हिशेबात तो फार मोठा आहे. २००९ साली दहा भाषांमधल्या गप्पा मोजून पाहिल्या, तेव्हा प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचं सरासरी अंतर ०.२ सेकंदाच्या आसपास निघालं. गंमत अशी, की एखादा साधा शब्द मनात जुळवून तोंडातून काढायला मेंदूला सुमारे ०.६ सेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज घेत आपण त्याच्या बोलण्यातच उत्तराची तयारी करत असतो. होकार पटकन येतो. नकार, अडचण, नको असलेली बातमी अडखळत येते. हा फरक कान लहानपणापासून शिकलेला असतो. शांतता ०.७ सेकंदाच्या आसपास गेली, की ऐकणाऱ्याला उत्तर मनापासूनचं वाटेनासं होतं. आता ०.२ मध्ये उपग्रहाचा अर्धा सेकंद मिळवा. आईला संशय येतो तो तिथेच.

२०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी फोनवर मुद्दाम विलंब घालून लोकांना बोलायला लावलं. बोलणाऱ्यांनी दोष लाइनला दिला नाही. समोरचा नीट लक्ष देत नाही, असं त्यांचं मत झालं.

दुसरी कटकट टकरीची. मुलगा गप्प आहे असं समजून आई पुढचा प्रश्न विचारते, त्याच क्षणी त्याचं पहिलं उत्तर येऊन थडकतं. मग दोघंही थांबतात, "बोल, तू बोल" म्हणतात, आणि तेही एकमेकांवर आदळतं. वायरलेसवर बोलणाऱ्या फौजींचं याबाबतीत बरं असतं, ते बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणतात. आईशी बोलताना 'ओव्हर' कोण म्हणणार? त्यापेक्षा हो-नाहीचे प्रश्न कमी करावेत आणि एकाने सलग बोलावं, दुसऱ्याने ऐकावं. बाजूची म्हैस व्यायली, विहिरीला पाणी लागलं, धाकटीला बघायला पाहुणे येऊन गेले, असं आईने एका दमात सांगितलं की पाळ्या बदलतात कमी आणि टकराही कमी होतात.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये सियाचिनला बीएसएनएलचा मोबाइल टॉवर लागला, १५,५०० फुटांहून उंच पोस्टवरच्या जवानांसाठी. पण हातात साधा मोबाइल आला म्हणून विलंब गेलाच, असं नाही. असा टॉवर पुढे फायबरने किंवा डोंगरावरून डोंगरावर जाणाऱ्या मायक्रोवेव्ह रेडिओलहरींनी जोडलेला असेल तर उत्तर वेळेवर येतं. तोच भूस्थिर उपग्रहातून जोडला, तर तो पाव सेकंद परत आलाच. पाच-सहाशे किलोमीटरवरून फिरणारे खालचे उपग्रह वर-खालीचा हा प्रवास काही सहस्रांश सेकंदांत उरकतात. मात्र ते आकाशात एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे एक क्षितिजाआड जाण्याआधी दुसरा हजर लागतो, आणि अशी रांग अखंड ठेवायची तर ते शेकड्याने, हजारांनी सोडावे लागतात.