मकरंद-खुणा

पाकळ्यांवरच्या रेघा, ठिपके किंवा फुलाच्या मध्याभोवतीचा वेगळ्या रंगाचा डाग, ज्यांच्या आधाराने कीटक मकरंदापर्यंत पोचतो, त्यांना मकरंद-खुणा म्हणतात. वाट फुलाच्या सोयीची असते: मकरंद पिताना कीटकाचे अंग पुंकेसरांना आणि कुक्षीला घासते व परागण घडते.

पॅन्सीचे फूल डोळ्यांजवळ धरून पाहावे. खालच्या पाकळीवर पिवळा ठिपका असतो आणि मांजराच्या मिशांसारख्या गडद रेघा त्याच्याच दिशेने जवळजवळ येत जातात. मकरंद त्याच्या आत, पाकळीच्या मागे निघालेल्या पोकळ शेपटीत असतो.

या खुणांचा अर्थ जर्मन निसर्गअभ्यासक क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल याने १७९३ च्या ग्रंथात सांगितला. समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याचे मोल पुढे डार्विनने ओळखले.

मात्र कित्येक खुणा आपल्याला दिसतच नाहीत. मधमाशीची नजर साधारण ३०० ते ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात चालते. म्हणजे तिला लाल रंग जवळजवळ काळा भासतो, पण अतिनील प्रकाश दिसतो. सूर्यफुलाची बाहेरची पाकळी आपल्याला देठापासून टोकापर्यंत एकसारखी पिवळी वाटते. अतिनील छायाचित्रात मात्र टोके उजळ आणि बुंधे काळे येतात, आणि सबंध फूल नेमबाजीच्या चक्रासारखे दिसते. बुंध्यातली फ्लॅव्होनॉल द्रव्ये अतिनील किरण शोषून घेतात, म्हणून हा फरक पडतो. रानटी सूर्यफुलांवरील २०२२ च्या अभ्यासात कोरड्या हवेच्या प्रदेशांत हा काळा भाग मोठा आढळला, तेव्हा तो फक्त कीटकांसाठीच आहे असे म्हणणे घाईचे ठरेल.

खूण ओळखायला शिकावेच लागते असे नाही. पूर्वी एकही फूल न पाहिलेल्या बंबलबी माश्याही अशा डागांकडे वळतात.

काही फुले खुणेचा रंग बदलतात. घाणेरीच्या एकाच गुच्छात मधली ताजी फुले पिवळी, तर कडेची जुनी नारिंगी किंवा लाल असतात. मकरंद पिवळ्यांत असतो आणि फुलपाखरे त्यांच्यावरच सोंड टेकतात. जुनी फुले गळत नाहीत, त्यामुळे गुच्छ लांबून मोठा दिसतो.

फसवणूकही होते. दक्षिण आफ्रिकेतील गोर्टेरिया डिफ्यूजा या वनस्पतीच्या नारिंगी पाकळ्यांवर उंचवट्याचे काळे ठिपके असतात. काही ठिकाणच्या फुलांत ते बसलेल्या मादी माशीसारखे इतके हुबेहूब असतात, की नर माशी त्यांच्याशी मीलनाचा प्रयत्न करते आणि अंगाला पराग लावून पुढच्या फुलाकडे जाते.