शिडाच्या बोटीनं फिजीत जाताय? आधी कागद, मग नांगर

टोंगाहून फिजीकडे निघालं की तीन-चार दिवसांच्या त्या वाटेवर सगळ्यात आधी लागतात ती फिजीच्या पूर्वेकडची लाऊ बेटं. आळीपाळीनं रात्री जागून बोटीवरचे तुम्ही दोघंही दमलेले असता, आणि समोर प्रवाळाच्या कड्याआड शांत निळं पाणी दिसतं. तरी तिथं नांगर टाकायचा नाही. प्रवेशाची नोंद होण्याआधी कुठल्याही बेटाशी थांबायला परवानगी नाही. सरळ सुवा, लाउतोका, सावुसावु किंवा लेवुका यांपैकी एक प्रवेश बंदर गाठायचं. नोंद झाल्यावर लाऊला परत यायचं तर वारा तोंडावर येतो, हे खरंय. ते मनाशी धरूनच बेत आखा.

अर्जाची सुरुवात मात्र समुद्रात उतरण्याआधीच होते. येण्याची पूर्वसूचना ‘सी-टू-सी’ नावाच्या फॉर्मवर कस्टम खात्याकडे किमान ४८ तास आधी पोहोचायला हवी. आधीच्या बंदरात इंटरनेट मिळतंय तेव्हाच तो पाठवा आणि पोच छापून ठेवा. फ्रेंच पॉलिनेशिया किंवा कुक बेटांकडून येत असाल तर तारखेकडे नीट लक्ष द्या. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते आणि एक दिवस गळतो. फॉर्मवर फिजीचीच तारीख लिहायची. शनिवार-रविवारी पोहोचलात तर अधिकाऱ्यांच्या जादा वेळेचे पैसे वेगळे पडतात.

पात्रतेचं म्हणाल तर माणसं आणि बोट यांचा हिशेब वेगवेगळा असतो. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. पोहोचल्यावर चार महिन्यांचा परवाना मिळतो, पुढे मुदतवाढ मागता येते. बोटीला मात्र आयात शुल्काशिवाय अठरा महिन्यांपर्यंत ठेवता येतं. त्यामुळे वादळांच्या मोसमात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, बोट तिथंच सुरक्षित बांधून घरी जाऊन येणारी जोडपी बरीच आहेत.

कागद एकाच जलरोधक पिशवीत ठेवा: बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र, किमान सहा महिने मुदत उरलेले पासपोर्ट, दोघांची नावं असलेली खलाशी यादी (चार-पाच प्रती), बोटीवरच्या सामानाची आणि औषधांची यादी. बोट दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं अधिकारपत्र. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधीच्या बंदराचा निर्गमन दाखला, तोही मूळ प्रत. बाकी काही राहिलं तर निभावून नेता येतं, पण याच्यावाचून सगळं अडतं.

बंदरात शिरताना पिवळा झेंडा (तपासणी बाकी असल्याची खूण) चढवायचा, व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, कळवायचं आणि बोटीवरच थांबायचं. आरोग्य, जैवसुरक्षा, कस्टम आणि इमिग्रेशन यांचे अधिकारी तपासून जाईपर्यंत दोघांपैकी कुणीही उतरायचं नाही. ताजी फळं, भाज्या, मांस, मध काढून घेतात. शेवटच्या दोन दिवसांत ते संपवा.

प्रवेश झाला म्हणजे हवं तिकडे फिरायची मोकळीक मिळाली असं नाही. एका बंदरातून दुसरीकडे जायला कस्टमचा किनारी परवाना लागतो, आणि लांबच्या बेटांसाठी इतौकेई (फिजीचे मूळ रहिवासी) व्यवहार खात्याचं परवानगीपत्र. हे पत्र जपा, गावात तेच दाखवायचं असतं. कारण तिथला किनारा आणि मासेमारीचं पाणी गावाच्या परंपरागत हक्काचं आहे.

म्हणून बंदरातल्या बाजारातून यांगोनाच्या, म्हणजे कावा हे पेय जिच्यापासून करतात त्या वनस्पतीच्या, मुळांची जुडी, साधारण अर्धा किलो, घेऊन ठेवा. बेटावर पोहोचल्यावर पोहायला किंवा मासे धरायला उतरण्याआधी गावात जायचं. टोपी आणि गॉगल काढायचा, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. गावचा तुरांगा-नि-कोरो, म्हणजे गावाचा कारभारी, तुम्हाला प्रमुखाकडे नेतो. चटईवर मांडी घालून बसायचं, जुडी हातात न देता समोर ठेवायची. याला सेवुसेवु म्हणतात. जुडी स्वीकारताना प्रमुख आपल्या भाषेत थोडं बोलतो, मग हलकेच टाळ्या वाजतात. त्यानंतर बोट नेमकी कुठं नांगरायची, ते गावातली पोरंच तुम्हाला किनाऱ्यावर उभी राहून हातानं दाखवतात.