६१७४ ही कापरेकर संख्या नाही

६१७४ चा खेळ बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे आणि मोठीतून लहान वजा करायची. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४च. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दाखवलेला हा कापरेकर स्थिरांक.

कापरेकर संख्या हे प्रकरणच निराळे. तरी गणित दिन आला की 'कापरेकर संख्या ६१७४' फिरू लागते, शिक्षकसुद्धा ती पुढे पाठवतात, आणि मला याचा मनस्वी राग येतो.

कापरेकर संख्येत वजाबाकी नाही की फेऱ्या नाहीत. संख्येचा वर्ग करा. मूळ संख्येत जितके अंक तितके उजवीकडून तोडा आणि दोन्ही तुकडे मिळवा. मूळ संख्या परत आली पाहिजे. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९; ४९४ + २०९ = ७०३. आता ६१७४ चा वर्ग करा: ३८११८२७६. ३८११ + ८२७६ = १२०८७. विषय संपला.

खरी मेख ४५ मध्ये दिसते. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५, म्हणजे अस्सल कापरेकर संख्या. पण तिच्यावर वजाबाकी करा: ५४ − ४५ = ०९, मग ८१, ६३, २७, आणि पुन्हा ४५. ती चक्रात फिरते, थांबत नाही. ६१७४ जागची हलत नाही, पण वर्गाच्या कसोटीत नापास होते. स्थिरांक ठरतो तो इतर संख्या कुठे येऊन पोचतात यावरून, आणि अंक किती आहेत यावरही. तीन अंकांना ४९५ आहे. दोन किंवा पाच अंकांना असा एकही नाही. कापरेकर संख्या मात्र एकटीच्या वर्गावर ठरते. ९, ९९, ९९९ अशा त्या कधी संपतच नाहीत.

वजाबाकीत शून्य गाळू नका. २१११ − १११२ = ०९९९ असेच लिहायचे. पुढे ९९९० − ०९९९ = ८९९१ होऊन गाडी ६१७४ ला पोचते; ९९९ लिहिलेत तर पुढची वजाबाकी शून्य.

६१७४ ला कापरेकरांच्याच एखाद्या कुळात बसवायचे असेल, तर ती हर्षद संख्या म्हणा. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागल्यावर बरोबर ३४३ येतात.