‘हाड भरले’ म्हणजे नेमके काय भरले?

नाशिकमध्ये पायोरियाच्या, म्हणजे हिरडीच्या आजाराने दाताभोवतीचे हाड झिजलेल्या रुग्णाला शस्त्रक्रिया सुचवली की दवाखान्यात एकच शब्द कानावर पडतो: हाड भरणे. सगळा घोळ या शब्दापासूनच सुरू होतो.

आधीची अनेक दशके हिरडी उघडायची, मुळे खरवडायची, ओबडधोबड हाड तासायचे, मुख्यतः एवढेच चालले. गेलेले हाड गेले, असे धरूनच बहुतेक उपचार होत. खरे वळण 1976 चे. मुळाशी आधी कोणत्या पेशी पोहोचतात यावर जखम कशी भरणार हे ठरते, असा विचार तेव्हा मांडला गेला. हिरडीची त्वचा सगळ्यांत वेगाने खाली सरकते, मुळाला चिकटून बसते आणि मागून येणाऱ्या हाडाच्या आणि तंतूंच्या पेशींना जागाच उरत नाही. 1982 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी एका रुग्णाच्या खालच्या पुढच्या दातावर गाळणीचा पडदा लावून या त्वचेला अडवले. तीन महिन्यांनी तो दात भोवतालच्या हाडासकट काढून तपासला, तेव्हा मुळावर नवे सिमेंटम (मुळावरचा पातळ, कठीण थर) आणि त्यात रुतलेले तंतू दिसले.

हाड, सिमेंटम आणि दोहोंना बांधणारे तंतू असे तिन्ही परत आले, तरच ते पुनर्निर्माण. हाड झिजून झालेल्या पोकळीत नुसती हाडाच्या जागी भरायची भुकटी टाकली तर एक्स-रेवर पांढरे दिसते, पण ती भुकटी मुळातच पांढरी दिसणारी असते. मुळाजवळ पुन्हा त्वचाच उतरलेली असू शकते. खात्री करायची तर वाचवलेला दातच काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागेल, आणि ते कोण करणार? म्हणून डॉक्टरांच्या हाती उरतात ते हिरडीत घातलेल्या खुणांच्या सळईवर मोजलेले मिलिमीटर आणि एक्स-रे. ‘भरले’ म्हणण्याआधी रुग्णाला एवढे सांगितलेच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

सुरुवातीचे पडदे विरघळत नसत. चार-सहा आठवड्यांनी ते काढायला हिरडी पुन्हा उघडावी लागे. 1990 च्या दशकात विरघळणारे कोलॅजनचे पडदे आले, पाठोपाठ डुकराच्या दातांच्या अंकुरांतून काढलेली प्रथिने. भुकटी आणि पडदेही अनेकदा गाय-डुकरांपासून बनतात. शाकाहारी किंवा मुस्लिम रुग्णाला हे आधी कळणे हा त्याचा हक्क आहे. 2001 मध्ये फ्रान्समधून रुग्णाच्याच रक्ताची पद्धत आली: दंडातून काढलेले रक्त लगेच यंत्रात फिरवायचे, दहाएक मिनिटांत नळीत पिवळट, जेलीसारखी गुठळी तयार, ती पोकळीत ठेवायची. आयात पडद्यांच्या मानाने ही स्वस्त, त्यामुळे आपल्याकडे तिने चांगले मूळ धरले.

तरी सगळ्या पोकळ्या सारख्या नसतात. तीन बाजूंनी हाड शिल्लक असलेली अरुंद, खोल पोकळी चांगली साथ देते. सगळीकडून सारखे झिजलेले हाड जवळजवळ नाहीच. तंबाखूने यश आणखी घटते. हिरडीच्या आजारांच्या 2017 च्या जागतिक वर्गीकरणात दिवसाला 10 सिगारेटी ही रेघ आखली आहे, मिश्रीला मात्र रकाना नाही. निफाड-सिन्नरकडून आलेली, रोज दोनदा मिश्री लावणारी बाई त्या तक्त्यात ‘धूम्रपान नाही’ याच ओळीत बसते.