देनारियस: रोमच्या चांदीत हीण कसं शिरलं

सम्राट क्लॉडियसच्या काळात एक रोमन माणूस वादळात भरकटून सिंहलद्वीपाला लागला. तिथल्या राजाने त्याच्याजवळची चांदीची नाणी तोलून पाहिली. मुखवटे वेगवेगळ्या सम्राटांचे, वजन मात्र एकच! रोमनांच्या सचोटीवर राजा खूश झाला, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. गोष्टीला तिखटमीठ लावलेलं असेलही. गंमत अशी की प्लिनीने ती लिहिली इ.स. ७७ च्या सुमारास, आणि तोवर त्या सचोटीला तडा गेलेला होता.

हे नाणं म्हणजे देनारियस. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध पेटलेलं असताना, इ.स.पू. २११ च्या सुमारास ते सुरू झालं. सम्राट ऑगस्टसच्या वेळी एका रोमन पौंडातून, म्हणजे साधारण ३२५ ग्रॅम चांदीतून, ८४ नाणी पडत; चांदी जवळजवळ शुद्ध. असे २५ देनारियस म्हणजे सोन्याचा एक ऑरियस. इ.स. ६४ मध्ये, रोम जळालं त्याच वर्षी, नीरोने ८४ ची ९६ केली आणि वर हीणही मिसळलं. आपल्याकडे कोइमतूरच्या आसपास सापडलेल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियसचीच नाणी जास्त. नीरोनंतरच्या चांदीला इथले व्यापारी नाक मुरडत असावेत, असा तर्क त्यावरून केला जातो. मला तो पटतो. खुद्द रोममध्येही जुन्या नाण्यांत चांदी जास्त होती, म्हणून ट्राजनने इ.स. १०७ च्या सुमारास ती गोळा करून वितळवलीच की.

पुढची घसरण सैन्याच्या पगारापायी. सेप्टिमियस सेव्हेरसने पगार वाढवला आणि चांदी निम्म्यावर आणली. काराकाल्लाने २१५ मध्ये नवं नाणं काढलं. ते दोन देनारियसच्या भावाने चालवलं असं मानतात. चांदी मात्र जेमतेम दीड नाण्याची. गॅलिएनसच्या अखेरीस, २६८ पर्यंत, चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली. तांब्यावर नुसता मुलामा. थोड्याच वर्षांत ऑरेलियनच्या काळात रोमच्या टांकसाळीतल्या कामगारांनी बंड केलं आणि शहरात लढाई झाली.

डायोक्लिशनने २९४ च्या सुमारास पुन्हा चांगल्या चांदीचं नाणं पाडलं, पौंडाला ९६, म्हणजे नीरोच्याच मापाचं. त्याच्या ३०१ च्या प्रसिद्ध दरपत्रकात सगळे भाव देनारियसमध्येच आहेत, पण तोवर देनारियस हिशेबापुरताच उरला होता. आपल्याकडे गुप्तांच्या लेखांत ‘दीनार’ भेटतो, तो मात्र सोन्याचा.