टॅपेटची टकटक की कनेक्टिंगची खटखट?

जुन्या मारुती 800च्या बॉनेटखालून किंवा ओम्नीच्या पुढच्या सीटखालून ठोके ऐकू यायला लागले की गॅरेजमधून दोनपैकी एक निकाल मिळतो : ‘टॅपेट वाजतायत’ किंवा ‘कनेक्टिंग गेलंय’. पहिलं काम तासा-दोन तासांत उरकतं. दुसऱ्यासाठी बहुधा इंजिन उतरवावं लागतं. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचा मालक तो खर्च ऐकूनच गाडी भंगारात द्यायला तयार होतो. चांगल्या इंजिनांची अशी वाट लागते ती केवळ निदान घाईत केल्यामुळे. आवाज मोठा म्हणजे दुखणं मोठं, हा समज आधी काढून टाकायला हवा. या दोघांतला टॅपेटच जास्त कर्कश वाजतो.

आवाज निघतो कुठून ते पाहू. 796 सीसीच्या या तीन सिलिंडरी इंजिनात वर कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा असतो. तो रॉकर नावाची तरफ दाबतो आणि रॉकर व्हॉल्व्हला, म्हणजे सिलिंडरच्या झडपेला, खाली ढकलतो. रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचं टोक यांत मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. अशा छोट्या पेट्रोल इंजिनांत ही फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांश इतकी असते. झिजेमुळे ती वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर टेकण्याऐवजी आपटतो आणि शिलाई मशीन चालल्यासारखी टकटक सुरू होते. यालाच टॅपेट वाजणं म्हणतात.

‘कनेक्टिंग’ म्हणजे पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड. त्याची गोष्ट इंजिनाच्या तळाशी घडते. रॉडचं मोठं टोक क्रँकला धरून असतं आणि मध्ये बेअरिंगच्या दोन अर्धगोल वाट्या असतात. वाट्या आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, सगळा भार तोच झेलतो. वाट्या झिजल्या किंवा ऑइलचा दाब पडला की पिस्टनची दिशा बदलताना रॉड क्रँकवर थेट आदळतो. हा ठोका खोल आणि जड येतो. बॉनेट उघडण्याआधीच तो फ्लोअरमधून पायाला जाणवतो.

फरक पकडायला लय फार कामी येते. गाडी 900 आरपीएमवर (मिनिटाला 900 फेरे) आयडल असेल, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता चालू असेल, तर क्रँक सेकंदाला 15 फेरे मारतो. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे साडेसात फेरे. एकच टॅपेट ढिला असेल तर सेकंदाला सात-आठ टिकटिक ऐकू येतात. रॉडचा ठोका साधारण त्याच्या दुप्पट वेगाने पडतो. कानाला इतकं मोजता येत नसेल तर टायमिंग लाइट वापरा. पहिल्या प्लगच्या वायरला तो लावला की डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा उजेड पडतो. टकटक आणि उजेड बरोबरीने चालले तर आवाज वरच्या मजल्यावरचा. दोन उजेडांत दोन ठोके पडत असतील तर खालचा. सगळेच टॅपेट ढिले असतील तर मात्र टिकटिकी एकमेकींत मिसळतात आणि हा हिशेब चालत नाही.

अशा वेळी मी प्लगची वायर काढून बघायला सांगतो. माझा सगळ्यांत जास्त भरवसा याच चाचणीवर आहे. इंजिन गरम करा, आवाज चालू असताना इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढा. काढलेली वायर हवेत लोंबकळू देऊ नका. जादा प्लग लावून तो इंजिनच्या धातूला टेकवा, नाहीतर कॉइल जळू शकते. हजारो व्होल्टचा मामला आहे, उघड्या हाताने करायचं काम नाही. त्या सिलिंडरमध्ये स्फोट थांबला की रॉडवरचा भार उतरतो. एका ठरावीक सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मंदावला किंवा गायब झाला तर बेअरिंगचं दुखणं तिथेच आहे. टॅपेटला स्फोटाशी देणं-घेणं नाही. इंजिन मिस होऊन डुगडुगेल, पण टकटक तशीच राहील. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत वायरऐवजी इंजेक्टरचा कप्लर काढा. नाहीतर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

गाडी उभी असताना 2000 ते 2500 आरपीएमपर्यंत रेस करून पाय काढला तर रॉडचा आवाज खडखडत उतरतो. तापल्यावर ऑइल पातळ होतं आणि हा ठोका वाढतो, सोबत आयडलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. अशी चिन्हं दिसली की गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्यानंतर इंजिनात वाचवण्यासारखं फारसं काही राहत नाही.

खात्रीसाठी ऑइल काढा आणि पांढऱ्या ताटात, उन्हात बघा. बेअरिंगचा धातू चमचमत्या कणांच्या रूपात दिसतो. त्यात लोहचुंबक फिरवून समाधान मानू नका, या वाट्यांवरचे थर मुख्यतः अॅल्युमिनियम, तांबं, कथील यांचे असतात आणि ते चुंबकाला चिकटत नाहीत.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. आवाज दाबायला जाड ऑइल टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. आवाज खरंच कमी होतो. झिजलेली वाटी मात्र तशीच राहते, थंडीत स्टार्ट करताना वरच्या भागांना ऑइल उशिरा पोचतं आणि जुनी गाडी विकणाऱ्याला ठोका लपवायची सोय होते. घेणाऱ्याने गाडी पूर्ण थंड असताना स्टार्ट करून बघावी, मग वीस मिनिटं चालवून पुन्हा ऐकावी.

फसवणारे आवाज आणखीही आहेत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या पाइपची) गॅसकेट फुटली तर इंजिन थंड असताना हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते आणि धातू तापून सांधा घट्ट झाला की थांबते. इंजिन थंड असताना पिस्टनचा खडखडाट येऊन दहा मिनिटांत गेला तर तो बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टन यांच्यामधल्या झिजेचा, रॉडचा नव्हे. चढावर येणारा टणटणाट बहुधा इग्निशन टायमिंग किंवा पेट्रोलच्या ऑक्टेनचा असतो.

टॅपेटच ठरला तर सेटिंग करून घ्या. मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाचं माप आणि गरम इंजिनाचं माप वेगळं असतं, त्यात गल्लत नको. फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पात फटीत सरकवली की ती थोडी अडली पाहिजे, घसरता कामा नये आणि रुततही नये. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचंच. बरेच जण इथे कंटाळा करतात.

आवाज अजिबात नको म्हणून फट कमी करून घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तसं करू नका. फट उरली नाही तर तापलेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. त्याची उष्णता सीटमधून बाहेर पडत नाही आणि त्याची कड जळते. सीएनजी किंवा एलपीजीवर धावणाऱ्या ओम्नीत तर हे आपोआप घडतं. कोरड्या इंधनाने सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, फट दर महिन्याला आटत जाते आणि आवाज कमी होत असल्याने मालक खूश असतो. मग पिकअप पडतो, सकाळचं स्टार्टिंग जड जातं आणि कॉम्प्रेशन तपासल्यावर व्हॉल्व्ह जळाल्याचं कळतं. गॅसवरच्या गाडीचे टॅपेट म्हणून आवाज येण्याची वाट न पाहता मोजून घ्यावेत, आणि तिथे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट आधी बघावी.